बेनेडिक्ट चाचणी आणि भाजलेली बोटं

आज कॉलेजात जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून इथे लिहितेय.

माझा धाकटा भाऊ मंदार साताऱ्यात वारला, त्याला पंधरा दिवस झाले. रजा संपली, म्हणून आज म्हैसूरला कामावर हजर झाले. पहिलाच तास प्रयोगशाळेत. ग्लुकोज ओळखायची बेनेडिक्ट चाचणी.

निळ्या द्रावणाची परीक्षानळी उकळत्या पाण्यात ठेवली. रंग हिरवट झाला, पिवळा झाला, मग विटकरी. इतकी वर्षं शिकवतेय, तरी हे बघताना दरवेळी मजा वाटायची. आज काहीच वाटलं नाही. नळी बाहेर काढून मुलांना दाखवत राहिले.

"अय्यो मॅडम, चिमटा! हात भाजतोय तुमचा!" पहिल्या बाकावरची वैष्णवी ओरडली.

मी नळी नुसत्या बोटांनी धरली होती. मला कळलंच नव्हतं.

वैष्णवी इथल्या अग्रहार भागातल्या शिंप्याची मुलगी. त्यांच्या घरी कन्नड मिसळलेली मराठी बोलतात. तिनं माझा हात नळाखाली धरला आणि हळूच विचारलं, "मॅडम, ऊटा झालं का?"

जेवले नव्हते. कालपासूनच.

तिनं दप्तरातून डबा काढून माझ्या हातात दिला. "आतल्या खोलीत बसून खावा. ह्यांना मी दाखवते."

मी आत जाऊन बसले. लिंबाचा भात होता. चव कळली नाही, पण सगळा संपवला. बाहेर ती मुलांना कन्नडमध्ये समजावत होती, अगदी बरोबर.

रडू अजून आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? किती दिवस लागले?