त्या धुराखाली मामा होते

माझे मामा धुरानं गेले. तो धूर मी ऑफिसात बसून पाहिला, आणि त्याला "छान" म्हणालो.

माझं कामच ते. दुपारी उपग्रह वरून जातो, फोटो येतो. वणव्याचा धूर कुठून निघाला, वारा त्याला कुठं नेतोय, ते बघून मी रिपोर्ट पाठवतो.

मामा कन्नड तालुक्यातल्या डोंगराखाली राहायचे. तिकडं उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगरापुढं नारळ फोडतात आणि वाळलेलं गवत पेटवतात. राखेवर नवं गवत जोमानं येतं म्हणतात. काडी लावायचा मान मामांचा.

एका वर्षी फोटोतल्या धुराचा माग काढत गेलो, तर थेट आमचाच डोंगर. फोन लावला.

"मामा, डोंगर पेटवला का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वरून दिसतंय."

"वरून तर देवालाबी दिसतंय. तो काय बोलला नाय, तूच लई बोलायलास."

मी चिडलो. "घरटी जळतात, पिलं जळतात. ती देवाची नाहीत का?"

मामांनी फोन ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात नारळ फोडला, काडी लावली नाही. उलट कुठं पेटलं की सत्तरीतला हा माणूस हिरवी फांदी घेऊन विझवायला पळायचा.

"भाचेबुवा, तू वरून बघ. मी खालून बघतो."

मामा गेले त्या दिवशीचा फोटो एकदम क्लिअर होता. डोंगरातून निघालेली पांढरी रेघ, वाऱ्यावर वाकत शहरापर्यंत आलेली.

मी शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावलं. "बघा, किती छान आलाय. ट्रेनिंगला वापरू."

डोंगर आमचा आहे, हे मला कळलं होतं. फोन करावा असं वाटलंही.

आधी रिपोर्ट पाठवला. मग चहा घेतला.

संध्याकाळी घरी आलो तर शहरात, आमच्या गारखेड्यातही जळक्या गवताचा वास. बायको खिडक्या लावत होती. तेवढ्यात मामेभावाचा फोन.

"दादा, आबा आग विझवून आले, पण दम खाली बसंना. गाडीत घालून तिकडंच, शहरातल्या दवाखान्यात आणतोय."

गाडी शहरात शिरली, पण दवाखान्याआधी, क्रांती चौकाच्या अलीकडंच मामा गेले.

नंतर तो फोटो मी पुन्हा उघडला, होईल तेवढा मोठा केला. डोंगर दिसतो, धूर दिसतो. फांदी घेतलेला माणूस दिसत नाही.

आज तेरावा. तसबिरीपुढं उदबत्ती लावायला हात गेला आणि मागं आला. नुसता दिवा लावला.

मामा, पायावर डोकं ठेवतो.

वर बघवत नाही.