पोटावरचा हात

अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला, पण माझ्या शेजारी बसलेल्याच्या हातातला चहा कधी सांडला नाही. माझ्या शेजारी चहा घेऊन बसायची कुणाची छातीच नव्हती, ती गोष्ट वेगळी.

आज पोराची टर्बो गाडी घेऊन बायकोला दवाखान्यातून घरी आणत होतो. ती मागच्या सीटवर, पोटाला टाके. ट्रकचा नुसता क्लच सोडला, तरी तो भरल्या मालासकट हलायचा. या गाडीचा तसा सोडला की ही बंद पडते. रेस द्यावी तर आधी ढिम्म, आणि मग मागनं कुणी लाथ घातल्यासारखी उसळी. दोन सिग्नलला तिला दोन धक्के बसले.

तिसऱ्या सिग्नलला आरशात दिसलं. माझा हात गियरवर गेला, तसा तिचा हात पोटावर गेला. गाडी हलायच्या आधीच.

हे काय आजचं नाही. पोट दुखतंय म्हणून सहा महिने सांगत होती, तेव्हा मी ढिम्म. आणि मग एका दिवसात आरडाओरडा, धावाधाव, ऑपरेशन. मी गाडीला नावं ठेवतोय, पण माझ्यासारख्याबरोबर राहून माणूस आधीच सावरून बसायला शिकत असेल.

हिरवा दिवा लागला. थोडी रेस धरून ठेवली, श्वास रोखून क्लच हळूहळू सोडला. गाडी पाण्यासारखी निघाली.

"बघ, कळलं तरी का?" मी म्हटलं.

तिनं पोटावरचा हात हलवला नाही. "एकदा जमलं म्हणून हात काढू व्हय? तुम्ही पुढं बघा."