अकोल्याच्या गाडीने येणारे सर

आमच्या संगणक केंद्रातले सर कोणावरही विश्वास ठेवत नसत, आणि कोणावरही म्हणजे अगदी कोणावरही. दाराच्या काचेतून समोरचा माणूस स्पष्ट दिसत असला तरी ते आतून "कोन?" असं विचारायचे आणि नाव ऐकल्यावरच कडी काढायचे. रोजच्या चहावाल्यालाही सुटका नव्हती. एकदा तो वैतागून म्हणाला, "सर, कालचाच हाय मी, बदलून नाही आलो." सर म्हणाले, "ते तू म्हनतं." अकोल्याहून रोज रेल्वेने अमरावतीला येणारा हा माणूस, पास खिशात असूनही, परतीच्या गाडीची वेळ रोज चौकशीच्या खिडकीवर विचारायचा, मग फलाटावरच्या हमालाला विचारायचा, आणि दोघांचं उत्तर सारखं आलं तर त्याला जास्तच शंका यायची.

मी मोझरीच्या पुढच्या एका खेड्यातली, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. सरांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागले तेव्हा विद्यापीठात 'एकच लॉगिन' आणायचं चाललं होतं. ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षेचे फॉर्म, सगळीकडे एकच नाव आणि एकच पासवर्ड. मला ते नीट कळत नव्हतं आणि विचारायची भीती वाटायची. सरांनीच एकदा सांगितलं, "पाह्य पोरी, लग्नात दारातच इचारते ना, कोनाकडचे तुमी? मंग पंगतीत वाढनारा इचारते का? लॉगिनचं पान म्हंजे दारातला मानूस. तो चिठ्ठी देते, बाकीचे चिठ्ठी पाहून वाढते." थोडं थांबून पुढे म्हणाले, "पन चिठ्ठी पाच मिनिटांत शिळी झाली पायजे. लोकायचा काय भरोसा."

परीक्षेच्या फॉर्मचा सर्व्हर या लॉगिनला जोडायचं काम माझ्याकडे आलं. फॉर्म दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचे होते. विभागप्रमुखांनी सकाळीच सांगितलं की संध्याकाळपर्यंत जोडणी झाली नाही तर काम बाहेरच्या कंपनीला देऊ, मग शिकाऊ माणूस ठेवण्यात अर्थ नाही. माझे बाबा गावात 'पोरगी विद्यापीठात लागली' असं सांगत फिरत होते. शिकाऊ हा शब्द मी घरी काढलाच नव्हता.

दुपारभर एकच चाललं होतं. मी नाव-पासवर्ड टाकायची, दारातला माणूस चिठ्ठी द्यायचा आणि फॉर्मचा सर्व्हर म्हणायचा, 'मुदत संपली'. मला वाटलं, मीच हळू टाइप करते. भराभर केलं, तरी संपलेलीच. विभागप्रमुख दोनदा डोकावून गेले. सर निघायच्या घाईत डबा पिशवीत कोंबत होते, तेव्हा सर्व्हरच्या नोंदींतल्या वेळेकडे माझं लक्ष गेलं. ती माझ्या मोबाइलच्या दहा मिनिटं पुढे होती, म्हणजे पाच मिनिटांची चिठ्ठी तिथे पोचायच्या आधीच शिळी. भिंतीवरचं घड्याळ तेवढंच पुढे, सरांच्या मनगटावरचंही.

"सर, सर्व्हरचं घड्याळ पुढं हाय."

"मीच केलं. इंटरनेटवरच्या घड्याळाले जोडलं व्हतं, ते तोडून टाकलं. त्याचा काय भरोसा? मानसाची गाडी नाही चुकली पायजे."

तोंडून निघून गेलं, "पन सर, सर्व्हरले कोठची गाडी पकडाची हाय?"

वाटलं, आता आपलं इथलं संपलं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि सर्व्हरचं घड्याळ पुन्हा इंटरनेटवरच्या घड्याळाला जोडायला बसले. ते सोपं नव्हतं. मध्येच त्यांनी मनगटाकडे पाहिलं, पण उठले नाहीत. शेवटी मी पासवर्ड टाकला आणि फॉर्मच्या पानावर माझं नाव आलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट.

विभागप्रमुख आत आले. "काय अडलं होतं?"

मी सांगायच्या आत सर म्हणाले, "माह्यं घड्याळ चुकलं व्हतं. पोरीचं काम बरोबर व्हतं. राहू द्या तिले."

त्यांची गाडी केव्हाच गेली होती. फाटकापर्यंत आम्ही सोबत चालत गेलो. माझं गाव कोणतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, आणि मी सांगितलं ते लगेच खरं मानलं.

आता ते निवृत्त होऊन अकोल्यालाच असतात, आणि मी अजून इथे आहे. तो फॉर्मचा जुना सर्व्हर परवा आम्ही कायमचा बंद केला. त्यांना कळवावं म्हणून फोन लावला, पण ते सांगणं काही जमेना, म्हणून तब्येत विचारली. "बरी हाय," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सर्व्हरचं घड्याळ बरोबर हाय ना?" मी "हो" म्हटलं, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.