तांडेल फळीवर

माझ्या सासऱ्यांनी जावयाकडून कधी सेवा घेतली नाही. बावीस वर्षांत पाण्याचा पेलासुद्धा नाही. मी त्यांची पिशवी उचलायला वाकलो की म्हणत, "राहू द्या, जावई. आमचे हात हायत अजून."

तारापूरच्या पलीकडच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना तांडेल म्हणत. होडी हाकणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा तो तांडेल. हे पद त्यांनी जमिनीवरही सोडलं नव्हतं. जेवताना कुणी ताट सरकवलं तरी, "डावीकडं घे" असा हुकूम यायचा.

ते वारले त्याआधी दोन वर्षं कानातल्या दोषामुळे त्यांचा तोल जाऊ लागला. उभं राहिलं की घर फिरायचं. बोईसरच्या डॉक्टरांनी होडी बंद केली. गावात मात्र त्यांनी सांगितलं, "कंटाला आला. होरी पुतन्याला दिली." मग भिंत धरून जेवढं जमेल तेवढंच चालायचं, तेही कुणी बघत नसताना. खरं कारण घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत माझी मुलगी सई आपली सर्फिंगची फळी घेऊन आली. गावच्याच किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली आम्ही दोन दिवसांसाठी तंबू ठोकले. सासऱ्यांना, म्हणजे सईच्या आबांना, रिक्षानं थेट तंबूपर्यंत आणलं. ते समुद्राकडे पाठ करून बसले.

"आबा, यात उभं राहावंच लागत नाही," सई म्हणाली. "पोटावर झोपायचं. लाट आणते किनाऱ्याला."

त्यांनी वळून फळी चाचपली. "झोपून? मंग चालल."

फळीची दोरी घोट्याला बांधावी लागते. मी खाली बसलो तसा त्यांनी पाय ओढून घेतला. "जावयानं पायाला हात लावायचा नाय." शेवटी ती सईनं बांधली. तिच्या खांद्यावर हात टाकून, नातीचे लाड करत असल्यासारखे, ते पाण्यात उतरले.

लाटेनं त्यांना अलगद उचललं. मान ताठ, एक हात पुढे, जणू होडीच आत आणत होते. जाळी शिवत बसलेले त्यांचे जुने सोबती उठून पुढे आले.

"तांडेल, मच्छी झाला काय रं?"

"पाटीत टाका त्याला, बायका इकून येतील."

"तुमच्या पापलेटापेक्षा ताजा हाय," आबा फळीवरूनच ओरडले.

फळी वाळूला लागली. ते उठायला गेले आणि कोसळले. पुन्हा उठले, पुन्हा पडले. मग हात टेकून रांगू लागले. हसणं मध्येच थांबलं. एकजण उगाच जाळ्याकडे बघू लागला. मी चार पावलांवर उभा होतो. पुढे व्हावं की नाही, कळेना. तेव्हा वाळूकडे बघत ते हळूच म्हणाले, "जावई, हात द्या."

मी त्यांना जवळजवळ उचलूनच तंबूत आणलं. सगळा किनारा बघत होता. त्यांची लाज मला माझ्या अंगावर जाणवत होती.

संध्याकाळी सोबती ताजे मासे घेऊन आले. निखाऱ्यावर भाजायला ठेवले. बोलणं पुतण्याच्या इंजिनाचं, वाऱ्याचं. एकानं आबांच्या पाठीशी उशी लावली. आबांनी ती काढून बाजूला टाकली.

"दुपारी मला मच्छी बोललात ना रं?" ते म्हणाले. "मंग आता का गप? बोला की."



"खा, गरम हाय," त्यांच्या शेजारी बसलेला सोबती म्हणाला आणि माशातले काटे एकेक काढून, लहान पोराला द्यावा तसा घास त्यानं आबांच्या ताटात ठेवला. आबांनी मान खाली घातली. मला तिकडे बघवलं नाही.