ताईची सोयरीक आणि तोंडातले जंतू

माणसाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात, आणि हे वाक्य मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बोलायचं नसतं. मी बोलले. का बोलू नये? खरं बोलायला मुहूर्त लागतो का?

ताईला बघायला निरवांगीची मंडळी कऱ्हाटीला आमच्या घरी आली होती. मुलगा ताईला मनापासून आवडलेला. चहा झाला आणि मुलाच्या आईने कमरेची मिश्रीची डबी काढून बोट दातांवर फिरवायला सुरुवात केली. भाजलेली तंबाखू! माझ्या डोळ्यांदेखत! ('मिश्री हटाव'ची पत्रकं गावभर मीच वाटते.)

"मावशी, त्यानं हिरड्यांची वाट लागते."

"काय न्हाय हुत गं. उलट किडं मरत्यात."

मरतात? मी उठलेच. बारामती एमआयडीसीतल्या डेअरीत कामाला असलेल्या चुलतभावाने मला एक जुना सूक्ष्मदर्शक दिला होता. तो मोबाइलमार्फत टीव्हीला जोडला, मावशींच्या दातावरचा कण काडीने काढून काचेवर ठेवला. पडद्यावर गोल, लांबट, मळसूत्री, नुसती वळवळ!

"बघा! एक तरी मेलाय का?"

आमचे वडील, तात्या, दूध संकलन केंद्र चालवतात. जंतू दिसले की त्यांना एकच सुचतं. ते सवयीने ओरडले, "आरारारा! ह्यो कॅन परत पाठवा!"

मावशी ताडकन उठल्या. "चल रं बाळ्या! आमाला नासकं म्हणत्यात."

ताईच्या डोळ्यांत पाणी. "मोडलंस ना माझं लग्न!"

मी दारात आडवी उभी राहिले. "मावशी, तोंड म्हणजे दूध नव्हे! जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. बरेचसे निरुपद्रवी, काही तर कामाचे. वाईट आहे ती मिश्री!"

"व्हय? मग तुजं दाव की."

दाखवलं. मी काय घाबरते? टीव्हीवर मावशींच्या दुप्पट गर्दी! (पाहुण्यांच्या गडबडीत दात घासायचे राहिले होते.)

"अगं बया! हितं तर सर्वपक्षीय मेळावा भरलाय!" हसता हसता मावशी पुन्हा खाली टेकल्या. "पावणं, थोरली पसंत हाय. धाकटीचं तोंड तेवढं लग्नात बंद ठिवा."

ठेवलं! मास्क लावला, त्यावर ठळक अक्षरांत छापलं 'मिश्री सोडा', आणि अख्ख्या मांडवात फिरले.

आता निरवांगीच्या बाया पोरींना बजावतात, "मिश्री लावू नगंस, न्हायतर त्या कऱ्हाटीच्या पोरीवानी दात पडून तोंड झाकत फिरशील!"

प्रचार यशस्वी. प्रचारक बोळकी.