फाटकाबाहेर बसलेला धोंडिबा

१९४२ च्या मे महिन्यात आमची प्लाटून मणिपूरच्या रस्त्यावर एका फाटकावर होती. ब्रह्मदेशातून पायी परतणारे आपले लोक तिथून आत येत. फाटक सकाळी सहाला उघडे, संध्याकाळी पाचला बंद होई. आत डॉक्टर, छप्पर आणि गरम भात होता. बाहेर पाऊस आणि कॉलरा.

मी लान्स नाईक होतो. गुंजवण्याच्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच, तेही एकच वर्ष. म्हणून नावे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आम्ही पोटासाठी फौजेत आलो होतो, समोरचे पोटासाठी रंगूनला गेले होते. हे तेव्हा माझ्या मनात आले होते, असे मात्र मी म्हणणार नाही.

एका संध्याकाळी चार चाळीसला, पायांना चिंध्या बांधलेला एक माणूस पुढे आला. मी हिंदुस्थानीत नाव-गाव विचारले. धोंडिबा, वेल्हे. मान वर न करता लिहिले आणि आत जायला सांगितले. तो हलला नाही.

"दादा, तुमी आमच्याकडचंच. बोलन्यावरनं कळतंय," तो म्हणाला. "बायको आन भाऊ वाटंत गेलं. तुकडा वोवाळल्याबिगर कसा आत येऊ? तेवढा वोवाळून टाका."

लांबून आलेल्या, त्यातही मौत पाहून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकल्याशिवाय आमच्याकडे त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. मी पुण्याहून आलो की आई तेच करायची. माझ्या खांद्यावरच्या हॅवरसॅकमध्ये चपाती होती, बाटलीत पाणी होते. पण मागे कॅप्टनसाहेब उभे होते. शिकलेला म्हणून ते माझे कौतुक करत. त्यांच्यासमोर हे करायची मला लाज वाटली.

"हितं तसलं काय चालत न्हाई," मी म्हणालो. "पाचला फाटक बंद होतं."

"मग बसतो. सायेब गेलं की करा."

तो रांगेतून बाजूला झाला आणि खांबाला टेकून बसला. पाचला सुभेदारांचा हुकूम झाला. मी बांबू आडवा टाकला. साहेब सहाला गेले. माझी ड्यूटी संपली होती. मी त्याच्याकडे गेलो नाही.

सकाळी फाटक उघडले तेव्हा तो खांबाला टेकलेलाच मेलेला होता. आत न आलेला म्हणून यादीतले त्याचे नाव मी खोडले.

लढाई संपल्यावर मी वेल्ह्याला त्याच्या आईकडे गेलो आणि तो आमच्या फाटकावर वारला, एवढेच सांगितले. तिने एकच विचारले.

"आत घ्यायच्या आदी तुकडा वोवाळला व्हता का रं कुनी?"

"व्हय. म्याच."

"मग बरं झालं. आपलं मानूस व्हतं."

आमच्या प्लाटूनचे जे पडले, त्यांची नावे त्यांच्या गावांत आजही घेतात. धोंडिबाचे नाव कुठल्याच यादीत नाही. तो आत आला नव्हता. मी ओवाळले नव्हते. ती माउली आता हयात नाही, म्हणून हे लिहितो आहे. यात धाडस काहीच नाही.