भुजंगनं शिवलेलं कव्हर

अंबडच्या कोर्टामागच्या गल्लीत भुजंगचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. दारातल्या खिळ्याला काडतुसांचा एक पट्टा लटकलेला असतो, त्यावरून माणसं ओळखतात. याच जागी बसून त्याचा बाप जोडे शिवायचा आणि गिऱ्हाइकाच्या पायात स्वतःच्या हातानं चढवून बघायचा. पुढं प्लास्टिकच्या चपला आल्या. जोडे शिवून घेणारी माणसं म्हातारी होत एकेक करून गेली. भुजंगच्या वाट्याला सुटलेल्या टाचा आणि तुटलेले बंद राहिले.

एका बँकेच्या पहारेकऱ्यानं बंदुकीचा तुटलेला पट्टा आणला, तिथून त्याचं काम बदललं. भुजंगनं तो जोडून दिला नाही, नवाच केला. खांद्यावर येतो तिथं रुंद, आतून मऊ, बाकी अरुंद. पहारेकरी पुन्हा आला तो आणखी दोघांना घेऊन. मग परवानावाले यायला लागले. बियाण्यांचे व्यापारी, गुत्तेदार, पंपाचे मालक. त्यांना पिस्तुलाचं कव्हर हवं असायचं, त्यावर वाघाचं तोंड हवं असायचं, स्वतःचं नाव हवं असायचं. सुरुवातीला भुजंगनं वाघ कोरले, नावं कोरली, आणि घरी गेल्यावर त्याला जेवण गोड लागेना. हे आपलं काम नव्हे असं त्याला वाटायचं. आपलं काम कोणतं, ते मात्र सांगता यायचं नाही.

ते हळूहळू सापडलं. एकेक गोष्ट काढून टाकत गेल्यावर सापडलं. आधी वाघ गेला, मग नाव गेलं, मग कडेची वेलबुट्टी गेली. सुताराकडून त्यानं सागवानी पिस्तुलं करून घेतली. खऱ्याला हात लावायचा नाही, ते गिऱ्हाइकानं आपल्याजवळच ठेवायचं, हा त्याचा नेम होता. भिजवलेलं कातडं त्या लाकडावर अंगठ्यानं दाबत न्यायचं, सावलीत वाळवायचं, तेल पाजायचं. वाळल्यावर कातडं आतल्या वस्तूचा आकार धरायचं. त्यावर काळसर तपकिरी रंग, एकच शिवण, वर एक बंद आणि टिचबटण. काम झालं की गिऱ्हाइकाला उभं करायचा, स्वतः गुडघ्यावर बसायचा, डाव्या तळव्यानं खालून कव्हर उचलून धरायचा आणि उजव्या अंगठ्यानं बटण लावून द्यायचा. बटण टिच्‌ वाजलं की काम संपलं.

बबलूदादा आला तो भुजंगच्या बहिणीच्या गावचा. जांब समर्थच्या पुढं ते गाव आहे. दादाची जमीन मोठी, वय तिशीचं, परवाना नवा. त्यानं झाकणाचं कव्हर मागितलं आणि झाकणावर नाव.

"नाव कशाला दादा? आन झाकण तर बिलकुल नको."

"मंग?"

"मूठ उघडी राहू द्या. कापच असा घेतो की मान वळवून बघतील लोक."

"भुजंगा, लय उघडं दिसंल की रे."

"दिसू द्या की. एवढी देखणी वस्तू झाकायची कशाला?"

बबलूदादा हसला आणि तयार झाला. खरं तर भुजंगला ती रेघ करून बघायची होती. मुठीखालून तिरकी उतरत टोकाला निमुळती होणारी. किती दिवस डोक्यात होती, कुणी करू देत नव्हतं. कव्हर झालं तेव्हा त्यानं बायकोला, नंदाबाईला, दुकानात बोलावून ते दाखवलं. इतक्या वर्षांत तसं कधी केलं नव्हतं.

भुजंगच्या थोरल्या बहिणीचा, झुंबरबाईचा, नवरा त्याच साली वारला. त्याला ज्या वाटेनं नेलं ती बहिणीच्या वस्तीची मसणवाट्याची वाट. ती बांधाकडच्या शेतातून जायची. ते शेत बबलूदादानं घेतलं आणि पेरणीआधी वाट नांगरून टाकली. वस्तीनं बैठक बोलावली. बहिणीसाठी म्हणून भुजंग गेला.

लिंबाखाली माणसं तावात बोलत होती. म्हातारा सटवाजी म्हणत होता, "जिवंतपणी रस्ता दिला न्हाई, आता मेल्यावर बी नाल्यातून जायचं का?" कुणी म्हणालं, मढं घेऊन नाल्याच्या चिखलातून कसं जायचं, एकजण घसरला तर चौघं पडतील. तेवढ्यात गाडी आली. बबलूदादा उतरला. सदरा एका बाजूनं कव्हरामागं खोचलेला. तो नुसता उभा राहिला. बोलणारे एकेक करत गप्प झाले. सगळ्यांची नजर त्याच्या कमरेवर गेली.

भुजंगचीही गेली. पण त्याला दिसलं ते कातडं. उन्हाळाभर घाम पिऊन रंग पिकला होता. ती तिरकी रेघ अंगावर चालताना आणखीच छान उतरत होती. त्याला बरं वाटलं. चारचौघं भ्यायली होती, आणि त्याला आतून बरं वाटलं.

बबलूदादानं त्याला पाहिलं. "आरे भुजंगा, तू इथं? बरा सापडलास. हे तुझं बटण सारखं निसटून राह्यलं बघ."

भुजंग बहिणीशेजारून उठला. कुणी त्याला ये म्हटलं नव्हतं. मधल्या मोकळ्या जागेतून चालत गेला, धुळीत गुडघे टेकले, तळव्यानं कव्हर उचललं, अंगठा दाबला. टिच्‌. कव्हरावर धूळ होती. ती त्यानं खांद्यावरच्या उपरण्यानं पुसली. धूळ पुसताना कुणीतरी मागं खाकरलं, आणि आपण कुठं बसलो आहोत ते त्याला तेव्हा कळलं.

"ह्याला म्हणत्यात कारागीर," बबलूदादा म्हणाला. "तुमचंच माणूस हाय. आसं काम करावं, गप्प ऱ्हावं. मंग, वाटेचं काय म्हणता?"

सटवाजी खाली बघत म्हणाला, "जाऊ दादा नाल्याकडून." दादाबरोबर आलेल्या माणसानं कागद काढला. संमतीचे अंगठे झाले.

बैठकीनंतर झुंबरबाईनं आपल्या घरी त्याला भाकरी वाढली. ती स्वतः जेवली नाही.

"त्याच्या पायाशी बसलास."

"पायाशी न्हाई आक्का. कमरेचं बटण व्हतं."

"मला जिथून दिसलं तिथून पायच दिसले."

त्यानंतर भुजंगकडं तसल्याच कव्हरासाठी माणसं यायला लागली. बबलूदादासारखं पाहिजे म्हणायची. इतकी वर्षं जे शोधलं, त्याला आता त्या माणसाचं नाव पडलं. तो कातडं नाही म्हणायचा. आता दुकानात मदतीला बसणारी नंदाबाई आतून म्हणायची, "कातडं तर भिजत घातलंय की." मग तो करून द्यायचा. फक्त गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, कमरेला लावून द्यायचा नाही. गिऱ्हाईक विचारायचं, लावून न्हाई का दाखवत? तो म्हणायचा, गुडघे दुखतात.

वस्तीतल्या पोरांनी तहसीलला अर्ज केला, की संमती धाकानं घेतली. बबलूदादानं उत्तर दिलं, की खरं पिस्तूल घरी कुलपात होतं. त्या दिवशी लग्नाला निघालो होतो, फोटोपुरतं खेळण्यातलं अडकवलं होतं. खेळण्याला कोण भितं? सुनावणीची तारीख लागली आणि झुंबरबाई दुकानात आली. बस म्हटलं तरी उभीच राहिली.

"तुझा हात लागला व्हता. खरं व्हतं का खेळणं?"

"खरं व्हतं. हातावर वजन आल्तं."

"मंग तेवढं साहेबापुढं सांग."

"तेवढंच कसं सांगता येईल आक्का? हात कसा लागला ते बी सांगावं लागंल."

"आम्ही समद्यांनी बघितलंय ते."

"तिथं वकील आसतील. माझी गिऱ्हाइकं आसतील."

"आसतील की," ती म्हणाली आणि गेली.

तारखेला तहसीलदारसाहेबांच्या खोलीत गर्दी होती. मागच्या बाकावर बियाण्यांचे दोन व्यापारी होते, दोघांच्या कमरेला भुजंगचीच कव्हरं, रिकामी. भुजंगनं सांगितलं, आत खरं पिस्तूल होतं, मी बटण लावताना तळव्यावर वजन घेतलं.

बबलूदादाचा वकील तरुण होता. "तुम्ही बटण का लावलं? ह्यांनी हुकूम केला?"

"न्हाई. बटण निसटतंय म्हणले. मीच उठलो."

"भीती वाटली म्हणून उठलात?"

उत्तर त्याच्यापुढं तयार होतं. हो म्हटलं असतं तर वस्तीचं काम झालं असतं आणि गुडघे टेकल्याची त्याची लाजही झाकली गेली असती. वस्तीची सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती, ती तेवढ्यासाठीच. त्यानं तोंड उघडलं.  शब्द निघाला तो दुसराच.

"न्हाई साहेब. मला भ्या न्हाई वाटलं."

वकील वळला. "ऐकलंत साहेब? ह्यांचाच माणूस सांगतोय."

"मला न्हाई वाटलं," भुजंग म्हणाला. "कारण मी पिस्तुलाकडं बघितलंच न्हाई. मी शिवण बघत व्हतो. मला ते बरं दिसलं. बाकीचे पिस्तूल बघत व्हते, ते भ्याले. पैल्यांदा बोलत व्हते, मंग बोलायचे थांबले. दादांनी झाकणाचं मागितल्तं. मूठ उघडी ठिवा असं मीच म्हणलो, मान वळवून बघतील म्हणून. ते तशेच बघत व्हते."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. साहेबांनी विचारलं, "खेळणं नव्हतं, हे नक्की?"

"नक्की. मी गुडघ्यावर बसून हातात धरलं व्हतं. धूळ बी पुसली."

धुळीचं कुणी विचारलं नव्हतं. ते त्यानं का सांगितलं, त्यालाही कळलं नाही. साहेब बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी संमतीचा कागद बाजूला केला आणि वाट मोजायला माणूस पाठवायचं सांगितलं. वस्तीतले लोक एकमेकांना हात लावत बाहेर पडले. भुजंगला कुणी हात लावला नाही. व्यापाऱ्यांपैकी एकानं जाता जाता सदरा कव्हरावर ओढून घेतला.

जिन्याखाली झुंबरबाई चप्पल शोधत होती. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "भ्या वाटलं म्हणला आसतास तरी चाललं आसतं."

"तेच म्हणायचं ठरवून आल्तो, आक्का."

तिला चप्पल सापडली. पदर डोक्यावर घेऊन ती बसस्टँडकडं निघाली. तो तिच्यामागं चालला, थोडं अंतर ठेवून.